तेरावी ओळ

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या एल्म पॉइंटमध्ये कुणाच्या घरी स्वयंपाक होत नाही. सगळं गाव डॉटीच्या खानावळीत तळलेले मासे खायला जातं, आणि टेबल मिळेपर्यंत बारच्या उंच स्टुलांवर ब्रँडी घेत ताटकळत बसतं. हे ताटकळणं नसतं तर गावातली निम्मी लग्नं झालीच नसती, असं डॉटी म्हणते. तिची स्वतःची तीन झाली आहेत, तेव्हा तिला बोलायचा अधिकार आहे.

त्या शुक्रवारी नोव्हेंबरचं धुकं तळ्यावरून उठून थेट रस्त्यापर्यंत आलं होतं. सिग्ने हॉगेन आत शिरली तेव्हा तिच्या केसांवर थेंब बसले होते. एकच स्टूल रिकामं होतं. शेजारी एक परका तरुण... ओला कोट, वाफ धरलेला चष्मा, आणि चामड्याची बॅग मांडीवर अशी धरलेली, की जणू त्यात तान्हं मूल आहे.

"बसू का?"

"बसा की. पण आधीच सांगतो, माझा मूड फार वाईट आहे."

"मग इथेच बसते. फार आनंदी माणसं मला सोसत नाहीत."

तो हसला. चष्मा काढून पुसू लागला, आणि चष्म्याविना ते डोळे एकदम उघडे पडल्यासारखे दिसले — थकलेले, तरी आतून हसरे. सिग्नेनं उगीच नॅपकिनची घडी मोडली.

"कुणी घालवला मूड?"

"एका बाईनं! अजून तोंडसुद्धा बघितलं नाही मी तिचं. सहा पत्रं लिहिली. आणि सहाही वेळा एकच उत्तर — 'परवानगी मिळणार नाही. एस. हॉगेन.' संपलं! वर 'प्रिय' नाही, खाली 'आपली' नाही."

ब्रँडीतली चेरी सिग्नेच्या घशात अडकता अडकता राहिली.

"खडूस दिसतेय बाई," ती म्हणाली.

"महाखडूस! सत्तरीची असणार. घरात सोळा मांजरं."

"सतरा," सिग्ने म्हणाली. "म्हणजे... ऐकलंय मी असं."

काउंटरमागे ग्लास पुसणाऱ्या डॉटीला अचानक जोराचा खोकला आला.

त्याचं नाव टॅड कोसिक. मिलवॉकी शहरात एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत त्याचं प्रकाशन होतं, आणि प्रकाशनात तो एकटाच. दुसऱ्यांचे विसरले गेलेले खेळ परवाना घेऊन पुन्हा छापायचे, हा त्याचा उद्योग. कागद-पेन्सिलीचे खेळ हो — चौघं-पाचजण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकजण एकेक पात्र होतो, सूत्रधार गोष्ट पुढे नेतो, आणि पुढे काय घडणार ते फासे ठरवतात. 'नववा कंदील' हा असाच एक खेळ. तळ्याखाली बुडालेलं गाव आणि त्या गावाचे राखणदार. लिहिणारा आर्ने हॉगेन, इथलाच.

"त्याची दुसरी आवृत्ती ज्या कंपनीनं काढली ती बुडाली, आणि मालकी लेखकाच्या घरी परत आली," टॅड सांगत होता. "ती दुसरी आवृत्ती या बाईनं शिकागोच्या लोकांना हसत हसत दिली. रंगीत चित्रं, ड्रॅगन, सगळा तमाशा! मला हवीय पहिली. टाइप करून, पिना मारून काढलेल्या दोनशे प्रती. त्यात खरी भीती आहे. आणि नेमकी तिलाच नाही म्हणते. का? काय आहे त्या पहिलीत?"

तेवढ्यात डॉटीनं अख्ख्या खानावळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "सिग्ने हॉगेन! तुझं टेबल लागलं गं!"

टॅडचा चेहरा असा झाला, की सिग्नेला त्याची दयाच आली.

"मांजर एकही नाही," ती स्टुलावरून उतरत म्हणाली. "बाकी खडूसपणाचं खरं आहे. चला, मासे गार होतात."

मासे खाताना त्यानं अटी मांडल्या. फक्त पहिली आवृत्ती, पाच वर्षांसाठी. प्रत्येक पान छापण्याआधी तिनं बघायचं. एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही.

"नाही," सिग्ने म्हणाली. तिला स्वतःलाच वाईट वाटलं, कारण तो बोलत असताना त्याच्या बाहीला लागलेलं कोबीच्या कोशिंबिरीचं पाणी पुसावंसं तिला दोनदा वाटलं होतं.

"का, एवढं तरी सांगा."

तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर तळं असायला हवं होतं, पण काचेला नुसतं पांढरं चिकटलं होतं. "अक्षर इकडचं तिकडे करणार नाही म्हणालात ना? म्हणून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा तिच्यासमोर हजर! सिग्ने गावातल्या दवाखान्यात एक्स-रे काढते, आणि टॅडसाहेब मोटेलच्या निसरड्या पायरीवरून मनगटावर पडले होते.

"मुद्दाम पडलात ना?"

"इतका हुशार असतो तर दुसऱ्या हातावर पडलो असतो. मी डावखुरा आहे."

तिनं त्याचा हात थंड काचेवर ठेवला. बोटं एकेक करून सरळ केली. दवाखान्यात रोज वीस हात ती अशीच ठेवते, पण या हाताला तिचा वेळ जरा जास्तच लागला.

"हलू नका. श्वास रोखा."

"तो तर काल संध्याकाळपासून रोखलाय."

"अहो, गप्प बसा!" पण काचेमागे जाताना तिला हसू आवरेना.

पडद्यावर त्याच्या हाताची हाडं उमटली. लहानगी, नीटस, कुठेही तडा नाही. दिवा मालवलेल्या त्या खोलीत दोघं शेजारी उभे राहून ती पाहत होते. त्या अंधारामुळे असेल, किंवा माणसाची हाडं बघितल्यावर त्याच्याशी खोटं बोलणं अवघड जातं म्हणून असेल, सिग्ने बोलू लागली.

"पहिल्या आवृत्तीत चाळीसाव्या पानावर वीस ओळींची यादी आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, जो आकडा येईल ती ओळ वाचायची. त्यात तेरावी ओळच नाही. बारानंतर एकदम चौदा. आई टाइप करत होती, तान्ही मी पाळण्यात रडले, ती उठली, आणि ओळ राहून गेली... घरात यावरून माझी फार चेष्टा व्हायची."

"आणि तेरा आला तर?"

"तेरा आला, की दार वाजतं."

"खेळात?"

"घरात."

टॅड हसला नाही. तिला तेवढ्यानंच धीर आला.

"मी दहा वर्षांची असताना आई गेली. बारा वर्षांची होते तेव्हा, मार्चमध्ये, बाबा आणि मी खेळत होतो. तेरा पडला. दार वाजलं. बाबानं उघडलं, आणि त्याचा चेहरा... इतका आनंदलेला मी त्याला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. 'आलोच,' म्हणाला. कंदील घेऊन गेला. त्याच्या पावलांचे ठसे सरळ तळ्याच्या बर्फावर गेले होते. एप्रिलमध्ये बर्फ सुटल्यावर बाबा सापडला. कंदील नाही सापडला. त्यानंतर तीनदा मी तो फासा टाकून पाहिला — चौदाव्या वर्षी, एकोणिसाव्या, चोविसाव्या. तेरा पडेपर्यंत टाकायचे. तिन्ही वेळा दार वाजलं. मी कानांवर हात दाबून बसले. बाहेर जे कुणी आहे ते माणसाला घेऊन जातं. आता सांग, असलं पुस्तक मी हजार घरांत कसं पाठवू?"

'अहो'वरून आपण 'अरे'वर कधी आलो, हे तिच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं.

"माझ्याकडे तेरा चिक्कार वेळा पडला," तो हळूच म्हणाला. "काही झालं नाही. पण..." तो थांबला. "माझं अजून कुणी गेलेलं नाही. आणि सिग्ने, तेरावी ओळ माझ्या प्रतीत आहे."

"शक्य नाही."

"पेन्सिलीनं लिहिलेली. सहाव्या पत्रात मी तेच तर विचारलं होतं, ही ओळ छापू की नको? दुसऱ्या पानावर."

सिग्नेचं तोंड उतरलं. "दुसरं पान मी कधी वाचलंच नाही. कुणाचंच."

त्यानं चांगल्या हातानं बॅग उघडली. पिना गंजलेली, कोपरे दुमडलेली प्रत. वेंडेल ब्रूकची — गावचा जुना पोस्टमास्तर, बाबाच्या टेबलावरचा पहिला खेळाडू. तो वारल्यावर त्याचं सामान विकायला निघालं, त्यातून टॅडनं ती घेतली होती. चाळीसाव्या पानावर, बारा आणि चौदाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, पोस्टमास्तरी बारीक अक्षर होतं: 'आर्नेचा फोन आला. तेरावी राहिली म्हणे. ज्याच्या त्याच्या प्रतीत लिहून घ्यायला सांगतोय.' आणि त्याखाली ती ओळ.

'दार वाजतं. उघडा. बाहेर तुमचंच गेलेलं माणूस आहे. हाक मारल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. त्याला आत बोलवा. तुम्ही बाहेर जाऊ नका.'

सिग्नेनं ती तीनदा वाचली. बाबानं सगळ्या गावाला फोन केले, आणि स्वतःच्या घरच्या प्रतीत मात्र लिहिली नाही. त्याला कशाला लिहायला हवी होती? त्याचीच तर ओळ.

"त्याला माहीत होतं," तिचा आवाज फाटला. "बाहेर जायचं नाही हे माहीत होतं, तरी गेला. आईच्या मागे गेला तो. आणि मी... टॅड, सतरा वर्षं माझा बाप दाराबाहेर उभा आहे. आणि मी कान झाकून बसलेय!"

त्यानं काही समजूत घातली नाही. दुखऱ्या हातानं तिचा हात धरला, एवढंच.

"उद्या मी फासा टाकणार आहे," ती म्हणाली.

"एकटीनं नाही."

"घाबरशील."

"घाबरणारच. म्हणून काय येऊ नको?"

रविवारी दुपारी तीन वाजता तो आला. धुकं इतकं दाट होतं की फाटकापासून घरापर्यंत तो कुंपणाला हात लावत आला. सिग्नेनं तळघरातून, बिटाच्या लोणच्याच्या बरण्यांमागून, पुस्तक काढून आणलं होतं. बाबाचा निळा फासा, कडा झिजून गोल झालेला. टेबलाला तीन खुर्च्या.

सात पडला. "धुराड्यातून कुजबुज ऐकू येते," टॅडनं यादीतून वाचलं, आणि वर घोगऱ्या आवाजात कुजबुजून दाखवलं.

"हे भूत आहे की सर्दी झालेला पाद्री?"

"दुखावलं हं भूत!"

अठरा पडला. दोन पडला. दोघं हसत होते, जरा जास्तच मोठ्यानं. मग फासा टेबलावरून घरंगळत अगदी कडेला गेला, थांबला, आणि तेरा.

फ्रिजची घरघर बंद पडली. घड्याळ चालू होतं की नाही, सिग्नेला पुढे कधी आठवलं नाही.

दार वाजलं. तीनदा. सावकाश, खालच्या बाजूला, ओल्या मुठीनं वाजवल्यासारखं.

टॅडचा रंग उडाला. "वारा..."

"धुकं असताना वारा कुठला रे?"

सिग्ने उठली. तिनं कडी काढली आणि दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. फक्त तळ्याचा वास आला, शेवाळाचा आणि रॉकेलचा. मग खाली किनाऱ्याच्या बाजूला एक पिवळा ठिपका दिसला. माणसाच्या हाताइतक्या उंचीवर. हलकासा झुलणारा.

"सिगी..."

तिला सिगी म्हणणारं जगात एकच माणूस होतं. तिचा पाय उंबऱ्याबाहेर कधी पडला, तिला कळलंच नाही. दुसरा पाय उचलला... आणि मनगट कुणीतरी गच्च धरलं. टॅडनं त्याच दुखऱ्या हातानं धरलं होतं, वेदनेनं त्याचे दात कचकचत होते.

"आत बोलवायचं," तो कसाबसा म्हणाला. "जायचं नाही. सिग्ने, ओळ आठव! बोलव त्याला."

"तो तिकडे एकटा आहे रे..."

"म्हणूनच बोलव!"

तिनं पाय मागे घेतला. एवढं एक पाऊल उचलायला तिला जेवढं बळ लागलं, तेवढं उभ्या आयुष्यात लागलं नव्हतं. "बाबा," तिनं हाक मारली. आवाज बारा वर्षांच्या मुलीचा होता. "बाबा, ये ना आत. बाहेर गारठा आहे."

ठिपका थांबला. मग जवळ येऊ लागला. पायरीची फळी करकरली, दुसरी करकरली, आणि उजेड विझला. पायरीवर एक कंदील होता. गंजलेला, मुठीला पाणवनस्पती गुंडाळलेली, काचेतून पाणी ठिबकत होतं. आणि दारातून टेबलापर्यंत, एकामागून एक, ओल्या बुटांचे ठसे उमटत गेले. तिसऱ्या खुर्चीपाशी ते थांबले.

टॅडनं डोक्यावरची टोपी काढली. भीतीनं थरथरत होता, पण टोपी काढली. सिग्ने त्याच क्षणी त्याच्या प्रेमात पडली, आधी पडली नसेल तर.

तिनं कॉफी केली. तीन कप. तिसरा कप रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला आणि बोलत राहिली — शाळेचं, दवाखान्याचं, वेंडेलच्या अंत्ययात्रेचं. "मला वाटलं तू मला न्यायला येतोस," ती रडत म्हणाली. "माझं चुकलं रे बाबा." कुणी उत्तर दिलं नाही. पण तिसरा कप गार झाला तेव्हा फरशीवरचे ठसे वाळलेले होते, आणि घरात कधी नव्हे ते उबदार वाटत होतं.

सोमवारी सकाळी डॉटीच्या काउंटरवर तिनं करारावर सही केली. अट एकच घातली: तेरावी ओळ ठळक छापायची, प्रत्येक प्रतीत. टॅडनं कागद बॅगेत ठेवले. मग उगीच बॅगेचा पट्टा लावला, काढला, परत लावला.

"पुस्तकं फेब्रुवारीत होतील," तो म्हणाला.

"हो."

"मी... कळवीन."

"कळव."

तो गेल्यावर डॉटीनं कपाळावर हात मारला. "दोन मोठी माणसं, आणि एकालाही तोंड उघडता येईना! माझं तर तेवढ्यात एक लग्न उरकलं असतं."

हिवाळा आला. तळं गोठलं. टॅडकडून पानं येत, ती तपासून परत जात. सोबतच्या चिठ्ठ्यांत शाई, कागद, समास, बाकी काही नाही. सिग्नेनं आता प्रत्येक चिठ्ठीचं दुसरं पान शोधून बघितलं. दुसरं पानच नसायचं.

जानेवारीत एकदा तिनं निळा फासा टाकला. तेरा पडेपर्यंत टाकला. दार वाजलं नाही. फ्रिज घरघरत राहिला. बाबा घरी आला होता आणि आता खरोखर गेला होता. सतरा वर्षं जिची भीती वाटली, ती टकटक आता कधीच ऐकू येणार नाही, हे कळलं तेव्हा ती टेबलावर डोकं टेकून पोटभर रडली. मग फासा डबीत ठेवला आणि डबी कंदिलाशेजारी.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी ती खानावळीत जायला निघत होती. एक बूट घातला होता, दुसरा हातात.

दार वाजलं. तीनदा.

फासा डबीत होता, पुस्तक तळघरात. हात आपोआप कानांकडे गेले... आणि अर्ध्यावर थांबले. एका पायात बूट, तशीच लंगडत ती गेली आणि दार उघडलं.

टोपीवर बर्फ, चष्म्यावर वाफ, हातात खोकं.

"पहिली प्रत," टॅड म्हणाला. "पोस्टानं पाठवणार होतो, पण... पोस्ट हरवतं हल्ली."

"मिलवॉकीचं पोस्ट?"

"फार हरवतं." त्यानं खिशातून पाकीट काढलं. "आणि हे सातवं पत्र. कृपा करून दुसरं पान आधी वाच."

पहिल्या पानावर शाई आणि कागद होते. तिनं ते मागे टाकलं. दुसऱ्या पानावर डावखुऱ्या, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं:

'प्रिय सिग्ने, त्या दिवशी मी तुझा हात धरला तो ओळीत लिहिलं होतं म्हणून नाही. तू गेली असतीस तर मीही मागे आलो असतो, ओळ मोडून. तुझ्यावर प्रेम करायची परवानगी मिळेल का? — आपला, टी. कोसिक.'

तिनं सावकाश घडी घातली. तो उंबऱ्याबाहेर उभा होता, बर्फात, आणि पाऊल आत टाकत नव्हता. हाकेची वाट बघत होता तो.

"वर 'प्रिय' आहे, खाली 'आपला' आहे," सिग्ने म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "शिकलास म्हणायचं काहीतरी खडूस बाईकडून."

"उत्तर?"

"परवानगी आहे," ती म्हणाली. "ये आत. बाहेर गारठा आहे."